वरवंट्याचे पंचेचाळीस सेकंद

तान्ह्या बाळाचं वजन करायचं नाही, नजर लागते. अंबरनाथच्या आमच्या घरात आईचा हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि मी तेव्हा बारावी सायन्सला, म्हणजे अतिशहाणी.

भाच्याच्या झोळीसाठी दादाने कॅम्प तीनच्या बाजारातून स्प्रिंग आणली. बारशाला रिवाजाप्रमाणे आधी कापडात गुंडाळलेला वरवंटा झोळीत ठेवला. प्रॅक्टिकलच्या नादात मी घड्याळ लावून मोजलं. वर-खाली पन्नास झोके, पंचेचाळीस सेकंद. मग बाळाला घातलं, तरी तेवढेच. स्प्रिंगवर वजन जास्त तर झोका संथ, कमी तर घाईचा, हे पुस्तकात वाचलं होतं. बाळ वरवंट्याएवढं आहे याचं मला हसू आलं.

दीड महिन्यानंतर एका दुपारी मी झोळीची दोरी ओढत अभ्यास करत होते. स्प्रिंगची कुरकुर कानाला घाईची लागली. मोजलं तर बेचाळीस. बाळ सारखं दूध ओकायचं, पण "बाळं टाकतातच गं," असं सगळ्या म्हणायच्या. स्प्रिंगच बिघडली असेल म्हणून बाळाला खाली निजवून मी वरवंटा झोळीत ठेवला.

पंचेचाळीस.

दगड होता तेवढाच होता. बाळ कमी झालं होतं.

कुणाला सांगितलं असतं, तर तू मोजलंस म्हणूनच नजर लागली, असं ऐकावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटू लागलं होतं. चार दिवस दुसऱ्या खोलीतही ती कुरकुर ऐकू यायची आणि मनात आकडे आपोआप पडायचे. एक्केचाळीस झाले तेव्हा वहिनीला सांगितलं.

"मला कळतंय गं," ती म्हणाली. "उचललं की कळतं. कुणीतरी बोलेल म्हणून वाट बघत होते."

बाजारात जातो सांगून आम्ही रिक्षाने डॉक्टरांकडे गेलो. जठराचं तोंड आवळलं होतं, लगेच ऑपरेशन झालं. बाळ हॉस्पिटलात असताना झोळी रिकामी नको म्हणून आईने तिच्यात वरवंटा ठेवला. जाता-येता ती झोका द्यायची. पंचेचाळीस, पंचेचाळीस. मला ते ऐकवायचं नाही.

बाळ घरी आलं. वरवंटा झोळीखालीच राहिला. मोजण्याचं सगळं वहिनीने आईला सांगितलं होतं, तरी ती मला रागावली नाही. महिन्याभराने ती झोळीपाशी आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "घड्याळ आण. मोज बरं."

"सत्तेचाळीस."

"दगडापेक्षा जास्त ना?"

"जास्त."

तिने वरवंटा उचलला, धुतला. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी आमच्याकडे पाट्यावरची चटणी झाली.