दुपारचा मुहूर्त

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी आजोबांना विचारलंत, "आत्याआजी क्लायमेट चेंजमुळे गेली का?" आजोबा चष्मा पुसायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत, आणि मी विषय तुमच्या परीक्षांवर नेला. आपण काहीतरी चुकीचं बोललो असं तुम्हाला वाटलं असेल. तसं काही नव्हतं. प्रश्न सरळ होता आणि त्याचं उत्तर मी देणं लागते. क्रमाने सांगते. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवताना मुलांना हेच सांगत आले, आधी काय घडलं ते लिहा, मत नंतर.

आत्याआजी म्हणजे आजोबांची थोरली बहीण. तुम्ही तिला एकदाच पाहिलंत. धाकट्याने तिच्या हातावरचं गोंदण थुंकी लावून पुसून पाहिलं होतं आणि ती हसून हसून खोकली होती. ती नांदेडला मुलाकडे राहायची. त्या मुलाच्या मुलीचं, म्हणजे आत्याआजीच्या नातीचं, लग्न दोन वर्षांपूर्वी वैशाखात होतं. सून नोकरीला जायची, त्यामुळे ती पोर आत्याआजीनेच वाढवलेली.

लग्नाच्या आधी, पत्रिका छापायच्या होत्या तेव्हा, भाचा, म्हणजे आत्याआजीचा तो मुलगा, आईला घेऊन लातूरला आमच्याकडे आला. आजोबा घरातले वडीलधारे, त्यात भौतिकशास्त्राचे शिक्षक, त्यामुळे त्यांना विचारल्याशिवाय आमच्या नातलगांत काही ठरत नाही.

"मामा, गुरुजींनी दोन मुहूर्त काढून दिलेत," भाचा म्हणाला. "एक दुपारी साडेबाराचा, एक गोरज. तुम्ही म्हणताल ते."

गोरज म्हणजे संध्याकाळी, दिवस मावळताना. मी लगेच म्हटलं, "गोरजच धरा. यंदा उष्णतेच्या लाटा जास्त दिवस राहण्याची शक्यता आहे, पेपरात आलंय."

"शक्यता!" आजोबा म्हणाले. "मागच्या साली पावसाचीपण शक्यता होती. पडला का?"

तुमचे आजोबा अडाणी वाद घालत नाहीत, हे तुम्ही लक्षात घ्या. पृथ्वी तापते आहे हे ते मान्य करतात. तुमच्या बाबांशी फोनवर भांडतात ते वेगळ्या मुद्द्यावर. एका उन्हाळ्यावरून काही सिद्ध होत नाही, बहात्तरच्या दुष्काळात कुठे होता तुमचा हवामानबदल, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशीही ते तेच म्हणाले. "जग तापलं म्हणून नांदेडला त्या एका दुपारी काय होईल, हे त्यातून निघत नाही. नक्की माहीत नसताना लोकांना कशाला नाचवायचं?"

"आणि पंचांगात शुभ लिहिलंय ते नक्की असतं?"

"ती रीत आहे. रीत काही सिद्ध करायला जात नाही."

"मामी, अडचण दुसरीच हाय," भाचा मध्ये पडला. "गोरजाला लावलं तर निलंग्याकडचे पाहुणे परत कसे जातील? रात्रीच्याला यष्टी न्हाई. समद्यांच्या मुक्कामाचं बघायचं म्हणजे…"

हे खरं होतं. तरी मी सोडलं नाही. आजोबांना म्हटलं, "मामंजी पेरणीच्या वेळी थोडं बियाणं मागे ठेवायचे. दुबार पेरणी लागणारच हे त्यांना नक्की ठाऊक होतं का? लागली तर असावं म्हणून ठेवायचे ना?"

आजोबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात आत्याआजी म्हणाली, "अगं मास्तरीणबाई, वर्ग भरवून राहिलीस का इथं? माझं लगीन ऐन वैशाखात झालं, दुपारच्यालाच. आन ह्यो तुझा नवरा! दिसभर उन्हात पतंग उडवायचा. काळाठिक्कर पडला, पर मेला न्हाई."

सगळे हसले. आजोबा सगळ्यांत जास्त. हसता हसताच म्हणाले, "ठरलं. दुपारचं छापून टाक."

लग्नाचा दिवस कसा होता ते सांगायला माझ्याकडे तापमानाचा आकडा नाही. हॉलच्या नळाखाली हात धरला तर पाणी हाताला चटका देत होतं. बाहेर लॉनवर कापडी मांडव होता आणि कडेला लावलेले कूलर गरम वाराच आत ढकलत होते. मुलीच्या आईवडिलांनी अक्षता पडेपर्यंत उपास धरायचा, ही आपल्याकडची रीत. आत्याआजी विधवा, कन्यादानाला तिला कुणी बसवणार नव्हतं. पण तिने सकाळपासून उपास धरला होता आणि तोही निर्जळी. मी लिंबाचं सरबत घेऊन गेले.

"वन्सं, दोन घोट घ्या. कुणी बघत नाही."

"मी बघून राहिले की. पोर म्या वाढवली, मंग उपास बी माझाच. अक्षता पडू दे, घागरभर पिते."

मुहूर्त टळला. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला गेला होता आणि त्याच्यापुढे पोरं डीजेवर नाचत होती. हे प्रत्येक लग्नात होतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. भाचा दोनदा हात जोडून त्यांना आणायला गेला. आजोबा मांडवात पंख्याखाली बहिणीशेजारी बसले होते आणि पुठ्ठ्याने तिला वारा घालत होते. अखेर मंगलाष्टकं सुरू झाली. आत्याआजी उभी राहिली. रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता तिने मुठी भरभरून टाकल्या, काही नवरा-नवरीपर्यंत पोचल्या, बाकीच्या पुढच्या बायकांच्या डोक्यावर पडल्या. मग मी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि तो तिच्या हातातून पडला. मी तिचा हात धरला. हात कोरडा होता आणि तव्यासारखा तापलेला.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "देगलूरची यष्टी गेली का गं?"

देगलूर तिचं सासर. तिथून येऊन तिला कितीतरी वर्षं झाली होती.

गाडीत घालून दवाखान्यात नेलं. बर्फ लावला, सलाईन लावलं. पाठवणी तिच्याशिवायच झाली. आजी दमलीय, झोपलीय, असं नवरीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याआजी गेली.

आजोबांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "उन्हाने का?"

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "काका, वय होतं, बीपी होतं, शुगर होती, त्यात उपास. ऊनही असणार. पण फक्त उन्हानेच, असं नक्की नाही सांगता येणार."

ते "नक्की नाही" आजोबांनी धरून ठेवलं. दहाव्याला कुणी ऊन म्हटलं की ते शांतपणे म्हणायचे, "डॉक्टरांनी तसं सांगितलेलं नाही." आणि ते खोटंही नव्हतं. उपास नसता तर? मिरवणूक वेळेवर आली असती तर? आणि ती दुपार बदललेल्या हवेची होती की नांदेडच्या नेहमीच्या वैशाखाची, हे कुणी वेगळं करून दाखवू शकत नाही. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे, मुलांनो. मला माहीत नाही. पण आजोबांना ते नक्की कळायलाच नको आहे. कळलं तर "दुपारचं छापून टाक" हे कोण म्हणालं, ते आठवावं लागेल. म्हणून मी त्यांच्याशी त्यावर वाद घालत नाही, आणि तुम्हीही त्यांना पुन्हा विचारू नका.

आता ह्या वैशाखात भाच्याच्या मुलाचं लग्न आहे. परवा भाच्याचा फोन आला. आजोबांनी स्पीकरवर ठेवला.

"मामा, ह्या वक्ताला बी दोन मुहूर्त हायेत. दुपार, न्हाई तर गोरज. काय करू?"

आजोबांनी फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मी म्हटलं, "गोरज."

भाचा हळूच म्हणाला, "मामी, आता गोरज धरला तर लोक म्हणतील, मागल्या वक्तालाच का न्हाई धरला? म्हणजे आई आमच्यामुळंच…"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "तुलाही माहीत नाही. यंदा तसं ऊन पडेल का, तेही माहीत नाही. तरी गोरज धर. पाहुण्यांच्या मुक्कामाला हॉल घे, सतरंज्या टाक."

"बरं," तो म्हणाला.

फोन ठेवला तेव्हा आजोबा खिडकीकडेच तोंड करून म्हणाले, "आणि आचारी? संध्याकाळच्या पंगतीचा स्वयंपाक दुपारीच होणार. पत्र्याच्या शेडमध्ये, भट्टीपुढे. भांडी घासणाऱ्या बायका त्याच उन्हात. त्यांचं काय?"

त्यांनी मला वादात हरवायला म्हटलं असेल. पण ऊन माणसाला काही करतं, हे दोन वर्षांत त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. मी भाच्याला परत फोन लावला. शेडऐवजी झाडाखाली चुली मांडता येतील का, अर्धा स्वयंपाक सकाळीच उरकता येईल का, असं विचारलं.

"मामी," तो वैतागून म्हणाला, "आता आचाऱ्याचं ऊन बी मीच बघायचं का?"

"हो."

"बघतो," तो म्हणाला.

आपल्याकडे "बघतो" म्हणजे बहुतेक वेळा नाही. आजोबांना मी तो काय म्हणाला ते सांगितलं. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, की ते लग्नाला येणार नाहीत, मी जावं. मी एक दिवस आधी जाणार आहे, सकाळच्या गाडीने, चुली कुठे मांडतात ते बघायला.