पाठ टेकवून पाहिलेल्या खोल्या

खोली कुठलीही असो, आमचे भूगोलाचे मास्तर आधी चपला काढत, टोपी बाजूला ठेवत आणि चक्क जमिनीवर आडवे होत. दोन मिनिटं डोळे मिटून पडत. मग उठून म्हणत, "पाठ टेकवल्याशिवाय खोली कळत नाही, भैया."

झाशीत चारी दिशांनी गाड्या येतात, म्हणून एका थंडीत भूगोल शिक्षकांची परिषद आमच्या गावाला मिळाली. मी मास्तरांच्याच शाळेत नवा शिक्षक होतो आणि उत्साहाच्या भरात स्वागत समितीचा चिटणीस झालो होतो. सदर बाजारातलं हॉटेल घ्यावं, असं माझं ठाम मत. गाद्या, गरम पाणी, बेल वाजवली की चहा! भाडं अर्थात ज्याचं त्याने द्यायचं.

"खेड्यातला मास्साब ते भाडं वाचून घरीच बसेल," मास्तर म्हणाले. "आणि तो आला नाही हे तुला कळणारही नाही."

समितीने त्यांना पंधरा दिवस दिले. तेवढ्यात फुकट जागा मिळाल्या तर ठीक, नाही तर हॉटेल.

मास्तर सायकलवर निघाले. शाळेचे वर्ग मिळवले, लक्ष्मी ताल या तलावाजवळची धर्मशाळा मिळवली. मग आपली मराठी घरं. झाशीत ती आहेत तरी किती! एका घरी काकू पाणी घेऊन बाहेर आल्या, तर मास्तर ओसरीवर उताणे. काकूंच्या हातून तांब्याच पडला.

"अगं बाई! यांना काय झालं?"

"काही नाही, वहिनी," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. "तीन माणसं आरामात मावतील."

तुम्हीच सांगा, अशा माणसाला नाही कोण म्हणणार?

चूक एकच झाली. ही सगळी पाहणी त्यांनी दुपारच्या सुट्टीत, उन्हं अंगावर घेत केली होती. पाहुणे आले त्या संध्याकाळी वर्गांची फरशी बर्फासारखी गार पडली. होल्डॉलमध्ये प्रत्येकाची एकच घोंगडी. "हॉटेलला कळवू का?" मी विचारलं, आणि खोटं कशाला बोलू, विचारताना मला थोडा आनंदही झाला. मास्तरांचा चेहरा पार उतरला. ते सायकलवर बसले आणि मानिक चौकातल्या मंडपवाल्याकडे गेले. मीही मागोमाग गेलो.

"भैया, रजाइयाँ चाहिए. जितनी हों."

"पूस में बरात? कहाँ से आई, मास्साब?"

"बरात नहीं, मास्टर हैं. पर आए बड़ी दूर से हैं."

पौषात लग्नं नसतात, त्यामुळे रजया पडूनच होत्या. हातगाडीभर आल्या, लाल, जरीच्या काठांच्या. सकाळी एक म्हातारे शिक्षक मला म्हणाले, "उम्र भर जिन जगहों के नाम नक्शे पर पढ़ाए, वहाँ के लोग आज बगल में सोए थे." हॉटेलचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

पुढच्या वर्षीची परिषद मात्र दुसऱ्या शहरात, बड्या हॉटेलात भरली. मी गेलो. मास्तर दिसले नाहीत. परतल्यावर त्यांच्या घरी जाऊन विचारलं, "तुम्ही का नाही आलात?"

"मला कुठलं झेपायला ते भाडं?" मास्तर हसले. चार मुलींचा संसार होता त्यांचा. मला हे सुचायला हवं होतं. "ते राहू दे. ते म्हातारे मास्साब आले होते का?"

"नाही."

"आणि आपल्या वर्गात झोपलेले ते ओरछ्याचे दोघं भाऊ?"

"नाही."

मास्तर एकेक नाव घेत गेले, मी मान हलवत राहिलो. मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांनी इतकी नावं विचारली, आणि त्यांतल्या एकाचीही मला तिथे आठवण झाली नव्हती.