अकरावं कव्हर

माझ्या मामाच्या घरात एकही वस्तू उघडी नाही. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, रिमोटला कव्हर, आणि ती कव्हरं मळू नयेत म्हणून वरून जुन्या चादरी. सोफ्याचा मूळ रंग कोणता यावरून मामीची आणि माझी एकदा चांगलीच जुंपली होती. ती म्हणे हिरवा, मी म्हणे निळा. टोक उचलून बघू म्हटलं तर मामानं हात धरला. "धूळ जाते आत," म्हणाला. तो वाद अजून तसाच पडून आहे.

मामा कव्हरं शिवतो. तरुणपणी तो पँटी शिवायचा, पण माणसांना तो कंटाळला. माणसं तक्रारी फार करतात, महिन्याभरात स्वतः जाड होतात आणि दोष शिंप्याला देतात. वस्तूंचं तसं नसतं. म्हणून त्यानं पाटी बदलली आणि स्कूटर, शिलाई मशीन, दवाखान्यातली यंत्रं, एकदा तर एक अख्खी होडी, असं जे येईल त्याला कपडे घालायला सुरुवात केली. माप मात्र तो अजून माणसांसारखंच घेतो. गळ्यात टेप टाकून वस्तूभोवती एक फेरी मारतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, "तुमचा फ्रिज जरा पोटात सुटलाय हो." ऐकणाऱ्याला हसू येतं. मामा हसत नाही.

मी त्याची भाची. त्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहते आणि शाळेत भूगोल शिकवते. ढग कसे तयार होतात हे मी पोरांना शिकवते, आणि खाली मामा त्याच ढगांना शिव्या घालत असतो. पाऊस म्हणजे त्याचा जन्माचा वैरी. खरं तर पावसावरच त्याचं पोट चालतं, पण हे त्याला सांगायला जायची माझी छाती नाही.

गेल्या वर्षी आमच्या जवळच्या बागेत कलेचं प्रदर्शन भरलं. अडीच महिन्यांचं, उघड्यावर, आणि तेही ऐन पावसाळ्यात. ही बुद्धी कुणाला झाली हे मला अजून कळलेलं नाही. एक शिल्प लाकडाचं, एक कागदाच्या लगद्याचं, एक नुसत्या सुतळीचं. पाऊस आला की आणि संध्याकाळी बाग बंद झाली की ती झाकायला हवीत, म्हणून बागेच्या ऑफिसातले साहेब यादी घेऊन मामाच्या दुकानात आले. यादीत दहा नावं होती.

रविवारी मामा मापं घ्यायला निघाला. मला बरोबर नेलं, कारण आकडे लिहायला कुणीतरी लागतं आणि मामीनं साफ नकार दिला होता. लाकडी घोड्याला त्यानं 'छाती भरदार' असा शेरा दिला. सुतळीच्या गोळ्याला तीनदा टेप लावली, तिन्ही वेळा वेगळा आकडा आला, तेव्हा म्हणाला, "हा श्वास घेतोय. सैल शिवावं लागेल."

दहा झाली. आणि मग चिंचोळ्या वाटेच्या शेवटी, हिरवळीवर, त्याला ती दिसली.

एक म्हातारी. कच्च्या मातीची, खऱ्या बाईएवढी. खोक्यावर बसलेली, वहाणा काढून बाजूला ठेवलेल्या, हातानं एका पायाचं पाऊल दाबत असलेली. दिवसभर उभं राहून घरी आलेली बाई जशी बसेल तशी. मामा तिच्याभोवती फिरला. यादीत नाव नसताना त्यानं टेप काढली.

"डावा खांदा उतरलाय हिचा. दोन इंच," तो म्हणाला. "लिही. आयुष्यभर त्याच बाजूला ओझं वाहिलंय बाईनं."

शेजारी पाटी होती. मी ती मोठ्यानं वाचून दाखवली. ही मूर्ती कच्च्या मातीची आहे, ती पावसात हळूहळू विरघळून जावी म्हणून मुद्दाम उघड्यावर ठेवली आहे, असं त्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

"काहीतरीच," मामा म्हणाला.

"मामा, स्पष्ट लिहिलंय."

"ऑफिसवाल्यांनी लिहिलंय ते. एक कव्हर वाचवायला. अगं, स्वतःच्या हातानं इतकं केलेलं कुणी पावसात सोडेल का? तू सोडशील?"

मी गप्प बसले. त्याला समजवायचं म्हणजे भिंतीशी बोलणं, हे एक कारण. दुसरं कारण असं की मलाही ती म्हातारी आवडली होती. हे आता कबूल करते, कारण पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

अकरावं कव्हर मामानं दुकानातल्या सगळ्यांत भारी रेक्झिनचं शिवलं. आतून मऊ सुती अस्तर, दुहेरी शिलाई, खाली नाडी, खांद्याला दोन इंचांचा उतार. घोड्याला एवढं काही मिळालं नव्हतं. वॉचमननं अकरा कव्हरं घेतली आणि यादीशी ताडून बघायचे कष्ट घेतले नाहीत. संध्याकाळी तो घालायचा, सकाळी काढायचा. दिवसा पाऊस आला की त्याची धांदल उडायची, म्हणून मामा दुकान अर्धवट टाकून धावायचा. बाग पाच मिनिटांवर. एकदा तर गिऱ्हाइकाच्या हातात कात्री देऊन पळाला.

"सवत आणलीय मला," मामी शेजारणींना सांगायची. "पाय दुखतात तिचे. माझे दुखतात तेव्हा ह्यांना ऐकू येत नाही."

तरी पाऊस आला की तीच आधी ओरडायची, "अहो, पळा!"

सहा आठवडे असे गेले. आसपासची झाडं धुऊन निघाली, वाटेवर शेवाळ धरलं आणि म्हातारीच्या नाकावरचा तीळसुद्धा जागचा हलला नाही. मामा खूश होता. इतका खूश मी त्याला त्या होडीच्या वेळीही पाहिला नव्हता.

मग एक दिवस ती आली. मूर्ती जिनं केली ती बाई. चाळिशीची, पाठीला पिशवी, पावसानं भिजलेली. मामा त्या वेळी कव्हराची नाडी बांधत होता आणि मी त्याच्यावर छत्री धरून उभी होते.

"हे काय करताय?" तिनं विचारलं.

"काळजी करू नका, ताई," मामा अभिमानानं म्हणाला. "आजपर्यंत एक थेंब लागू दिला नाही."

तिनं नाडी सोडली, कव्हर वर केलं आणि बघत राहिली. मला वाटलं आता आभार मानेल. ती मटकन खाली बसली.

"तुम्ही पाटी नाही वाचली?"

"वाचली. पण ताई, ही कोण आहे तुमची?"

"माझी आई."

"आई?" मामाचा पारा चढला. "आईला पावसात बसवलंत? अहो, परकी असून मला बघवेना!"

बाई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे सांगायला लागली. आई पोस्टात होती. टपालाची पिशवी घेऊन रोज आठ मैल चालायची.

"डाव्या खांद्यावर," मामा म्हणाला.

तिनं दचकून वर पाहिलं. "हो. डाव्या." मग म्हणाली, "ती गेली तेव्हा मी परगावी होते. फोन आला, मी निघाले. पोचले तोवर सगळं आवरून झालं होतं. खोली झाडलेलीसुद्धा होती. मला तिला जाताना बघायचं होतं हो, काका. सावकाश. जवळ बसून. म्हणून ही मातीची केली. आतापर्यंत अर्धी गेली असेल असा हिशेब करून आले. तीनच आठवड्यांची रजा मिळालीय."

तीस वर्षं मामानं लोकांच्या वस्तू जपल्या होत्या, त्यात कुणाचं काही हिरावून घेतलंय असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यानं कव्हर पूर्ण काढलं, घडी घातली, काखेत मारलं आणि घरी आला. त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढचे चार दिवस पाऊस बरा झाला. बाई सकाळपासून हिरवळीवर घडीचं स्टूल टाकून बसायची. मामा तिच्यासाठी चहा घेऊन जायचा आणि मूर्तीकडे पाठ करून उभा राहायचा. चौथ्या दिवशी त्यानं वळून बघितलं. चेहरा मऊ झाला होता, तीळ गेला होता, खांदे गोल झाले होते. "झोप लागल्यासारखी दिसते," एवढंच म्हणाला.

आणि मग पाऊस थांबला.

एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगले दोन आठवडे. कडक ऊन पडलं आणि म्हातारी विटेसारखी टणक झाली. भूगोल शिकवते म्हणून मामा मला दिवसातून चारदा विचारायचा, "येईल का गं?" मी वाऱ्याच्या दिशा सांगायचे. तो दुकानाच्या दारात उभा राहून आभाळाकडे बघत बसायचा.

"जन्मभर शिव्या दिल्यात त्याला," मामी म्हणाली. "आता तो कशाला ऐकतोय तुमचं?"

पण तिच्याही आवाजात दम नव्हता. रविवारी प्रदर्शन संपणार होतं. सोमवारी सकाळी ट्रक येणार, बाकीची शिल्पं उचलून नेणार, आणि माती कुदळीनं फोडून हिरवळ मोकळी करणार, असं साहेबांनी सांगितलं. बाईनं चार दिवस मागितले. साहेब म्हणाले, हिरवळीचं वेळापत्रक ठरलेलं आहे. शनिवारी दुपारी ती दुकानात येऊन हे सांगून गेली. बोलताना रडली नाही, पण 'कुदळ' हा शब्द तिला धड उच्चारता आला नाही.

ती गेल्यावर मामा मशीनवर बसला, पण पाय हलवेना.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "पाऊस होता तेव्हा मी झाकून ठेवली. आता कुदळीनं जाणार ती."

मामी आत भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला. "पावसाचंच पाणी लागतं का?" तिनं विचारलं.

मामानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. कोरडी माती पाण्यात लवकर सुटते, हे मी सातवीच्या वर्गात दरवर्षी करून दाखवते.

रविवारी सकाळी बाग उघडायच्या वेळेला आम्ही फाटकाशी हजर होतो. मामानं बाईला आदल्या संध्याकाळीच निरोप दिला होता. ती आली, पण मन तयार नव्हतं. "पावसानं व्हायला हवं होतं," पुन्हा पुन्हा म्हणत होती. वॉचमननं माळ्याचा पाइप ओढत आणला. नळ पूर्ण सोडला तर तासाभरात काम होईल, म्हणाला. मामानं तो त्याच्या हातातून घेतला आणि गुंडाळून बाजूला ठेवला.

"काम नाहीये ते," म्हणाला.

त्यानं माळ्याकडून झारी मागून घेतली. मग स्कूटरवरून दोन मोठे झाकणाचे डबे उतरवले. मामी पहाटेपासून पाणी तापवत होती, ते का, हे मला तेव्हा कळलं. मामानं झारीत अर्धं गरम पाणी ओतलं, अर्धं नळाचं घातलं, हात बुडवून बघितलं, अजून थोडं गरम घातलं. वाफ वर येत होती.

"गरम कशाला?" बाईनं विचारलं.

"सकाळची वेळ आहे," मामा म्हणाला. "गार पाणी कसं घालायचं अंगावर?"

मामानं झारी पुढे केली. "आधी पाठीवर सोडा. डोक्यावर एकदम नको, दचकतात म्हातारी माणसं. आणि घाई नाही. बाग संध्याकाळी सातला बंद होते."

तिनं झारी घेतली. पहिलं पाणी पाठीवरून उतरलं, त्याच्याबरोबर मातीचा एक पातळ ओघळ खाली आला आणि गवतात शिरला. तिनं दुसरा हात आईच्या पाठीवर ठेवला आणि पाण्याबरोबर तो हळूहळू खाली फिरवायला लागली. झारी संपली की मामा भरायचा, हात बुडवून बघायचा आणि तिच्या हातात द्यायचा. चौथ्या झारीला तिनं वळूनही न बघता हात मागे केला आणि म्हणाली, "काका, अजून थोडं गरम करा. तिला आंघोळीला कढत पाणी लागायचं."