बिनवासाचा धूर

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या आमगावला माहीत आहे. कोणाच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार, कोणाच्या घरी भावाभावांत बोलणं बंद झालं—आधी मला कळतं आणि मग, माझ्या कृपेने, सगळ्यांना. माझा नवरा म्हणतो, हिला सांगितलं की पेपरात जाहिरात द्यायचा खर्च वाचतो. तर अशा बाईच्या तोंडात एक तीळ कित्येक वर्षं भिजत पडला आहे. नवऱ्याला नाही सांगितलं, मुलीला नाही, देवाला—देवालासुद्धा आडून आडूनच. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? तुम्ही सुकवंताला ओळखत नाही, म्हणून असेल.

पण आधी शेठबद्दल सांगू द्या. त्या माणसाबद्दल बोलायला मला अजूनही आवडतं—हेही कबुलीतच धरा.

आमच्या मागच्या भिंतीला लागून शेठची राईस मिल. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे नुसता टिनाचा शेड होता, आणि शेठ सायकलवर पोती लादून सालेकशाकडच्या जंगलातल्या गावांतून मोहफुलं विकत घेत फिरायचा. मग धान भरडायची छोटी मशीन आली. मग बॉयलर, उंच चिमणी, ट्रक, पेट्रोल पंप, पांढरी गाडी, शाळेच्या गॅदरिंगला पहिल्या रांगेतली खुर्ची. लोक बँक सोडून शेठकडे व्याजाने पैसे ठेवायला लागले. पावती नाही, सही नाही. “शेठकडे आहेत” एवढं म्हटलं की पुरे. सोयरिकीच्या बोलणीतही ते वाक्य चालायचं.

मला नवल वाटायचं—एवढा भरवसा कशाच्या जोरावर? चेहऱ्यावर तर काही नव्हतं. साधा, जरा झोपाळूच चेहरा. मग हळूहळू लक्षात आलं, लोक शेठकडे बघतच नाहीत, चिमणीकडे बघतात. गाडीतून उतरून स्टेशनाबाहेर आलं की आधी तीच दिसते. धूर निघतोय ना? मग शेठ ठीक आहे.

त्या धुराशी माझं जुनं वैर. गच्चीवर पापड घाला, लाखोळीच्या डाळीच्या वड्या घाला, की धानाच्या भुशाची काळी राख वर येऊन बसलीच. मी भिंतीवरून भांडायची, शेठ हात जोडायचा, आणि दिवाळीला मिठाईचा डबा यायचा. डबा मी घ्यायची, भांडण सोडायची नाही.

आणि वास. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करतात तेव्हा धान भिजवून वाफवतात, त्याचा एक आंबूस-गोड वास सुटतो. नव्या माणसाला मळमळतं. आम्हाला मात्र तो नसला तर जेवण गोड लागत नाही. वाफवल्यावरचं पिवळं, कोमट पाणी आमच्या मागच्या नालीतून वाहायचं.

त्या वर्षी होळी झाल्यावर एका सकाळी वड्या घालत होते आणि काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. काय, ते कळेना. धूर होता. राखही पडत होती. वास—वास नव्हता. वाकून खाली पाहिलं. नाली कोरडी ठणठणीत, आणि तिच्यात एक कुत्रं निवांत झोपलेलं.

दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. बॉयलर पेटत होता आणि आत धान नव्हतं. चूल पेटलेली, वर भांडंच नाही. शेठ नुसता धूर काढत होता—गावाला दिसावा म्हणून.

तेव्हा मला काय वाटलं असेल? भीती? कीव? नाही हो. मजा वाटली. गावात हे मला एकटीला कळलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते कोणाला सांगावंसं वाटेना. सांगितलं की संपलं. मला बघायचं होतं. पोकळ झालेला एवढा मोठा माणूस नुसत्या धुरावर किती दिवस उभा राहतो? माझा त्यात एक पैसा गुंतलेला नव्हता, म्हणून बघायला काही जड जात नव्हतं.

रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी गच्चीवर. खाली शेठ अंगणात उभा, मान वर करून धुराकडे बघत. धूर पातळ झाला की बॉयलरवाल्याला हाक मारायचा. मग आंघोळ करून, पांढरे कपडे घालून गाडीत बसायचा, आणि संध्याकाळी कळायचं की आज शाळेच्या नव्या खोलीचं भूमिपूजन त्याच्याच हातून झालं. लोक त्याला वाकून नमस्कार करत होते. माझ्या मनात यायचं, माणूस नेमका कोणत्या दिवशी गरीब होतो? पैसा संपतो त्या दिवशी, की लोकांना कळतं त्या दिवशी? मधल्या दिवसांत तो कोण असतो?

एकदा त्याने मला वर पाहिलं. म्हणाला, “भाभीजी, आजकल आप झगड़ती नहीं?” मी म्हटलं, “आदत हो गई, शेठजी.” तो जरा वेळ बघत राहिला, मग हात जोडून आत गेला. मला कळलंय हे त्याला कळलं होतं का? यावर मी इतका विचार केला आहे, की तेवढा—

थांबा. मी पुन्हा शेठवरच घुटमळते आहे. सांगायचं आहे सुकवंताचं.

सुकवंता आणि मी एकाच वर्षी या गावात नव्या नवऱ्या होऊन आलो. तिचा नवरा रेल्वेत गँगमन. जन्म गेला क्वार्टरमध्ये. तो रिटायर झाला आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. फंडाचे पैसे हातात आले होते. छोटासा प्लॉट घेऊन ठेवलेला. तिथे तिने चुन्याच्या फक्कीने घर आखून घेतलं होतं, आणि मला त्या पांढऱ्या रेघांमधून फिरवून आणलं होतं—ही मोरी, ही चूल, अन् इथं खिडकी, पूर्वेकडे. रेघ ओलांडायची नाही, दारातूनच आत यायचं, असा तिचा हट्ट. मी दारातून आत गेले होते.

ऐन मे महिन्यात ती पापड लाटायला आली. लाटता लाटता म्हणाली, “पावसाळ्यात तं पाया खोदता येत नाई. दिवाळीपावतर पैसे शेठकडं ठेवून देतो म्हणतेत हे. व्याजात दारं-खिडक्या निघतीन. तू तं मिलच्या बाजूलेच राह्यतेस. सांग न वं शोभा, सारं बराबर हाय न?”

पाठीमागे धूर निघत होता. वास नव्हता. मी सांगितलं असतं तर ती सांजेपर्यंत चार घरी बोलली असती, आणि उजाडता उजाडता शेठच्या फाटकाशी रांग लागली असती. मग मी काय बघणार होते? खेळ मध्येच मोडला असता. हो—हाच शब्द तेव्हा मनात आला होता. खेळ.

मी म्हटलं, “डोळे नाईत का तुले? धूर तं निघून राह्यला.”

ती हसली. एक लाटी तेलात बुडवून तोंडात टाकली आणि निर्धास्त मनाने घरी गेली.

मी खोटं बोलले का? धूर तर निघतच होता. कितीतरी वर्षं मी याच वाक्यामागे लपत आले. खोटंच बोलले. तिचं घर माझ्या जिभेवर होतं आणि मी ते तमाशासाठी जाऊ दिलं.

पाऊस लागायच्या आधी एका सकाळी धूरही नव्हता. फाटकाला कुलूप. कोणी म्हणे रायपूर, कोणी म्हणे सुरत. कोणी शेठच्या जावयाला दोष दिला, कोणी पेट्रोल पंपाला. लोक फाटकाशी ओरडत होते. सुकवंता ओरडली नाही. ती मान वर करून चिमणीकडे बघत उभी होती, आणि मी गच्चीवरून तिच्याकडे. मी खाली उतरले नाही.

प्लॉट विकावा लागला. ती दोघं आता बसस्टँडमागे एका भाड्याच्या खोलीत राहतात. खिडकी आहे, नालीवर उघडते. नवरा या वयात एका लग्नाच्या लॉनवर चौकीदारी करतो.

मागच्या आठवड्यात सुकवंता आली होती. दरवर्षी येते, पापड लाटायला. मी मान खाली घालून लाटत होते, तर तीच म्हणाली, “तू कायले मनाले लावून घेतेस वं? धूर तं मीबी पाह्यला होता न.” माझी समजूत घालत होती ती. मग उन्हातल्या पापडांकडे बघून म्हणाली, “आता कसे साफ वाळून राह्यले, पाह्य.”

मी हो म्हटलं. एक लाटी तेलात बुडवली आणि तिच्या हातावर ठेवली.