बाबांचा डायलॉग

माझ्या पहिल्या सिनेमाचा लेखक मी, दिग्दर्शक मी आणि नायकही मीच. हौस म्हणाल तर ती होतीच, पण आमच्या गावी, दवनीवाड्यात येऊन महिनाभर माझ्या तालावर नाचायला दुसरा नायक तयारही नव्हता.

कथा साधी होती. मुलगा सिनेमा करायला गाव सोडतो आणि निघताना वडील म्हणतात, “जाय बापू, माहा भरोसा हाये तुह्यावर.” मी खरोखर मुंबईला निघालो तेव्हा बाबा बैलांना तणस टाकत राहिले होते. एक शब्द बोलले नव्हते. ते वाक्य एकदा तरी त्यांच्या तोंडून ऐकावं, ही माझी जुनी भूक. म्हणून सिनेमातल्या वडिलांच्या भूमिकेत बाबांनाच घेतलं.

बाबा म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांतले एकेकाळचे नावाजलेले खलनायक. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, त्या दिवसांत रोज नवं गाव, कधीकधी नाटकही नवं. पाठांतराला वेळ कुणाला? पडद्याआडून प्रॉम्प्टर वाक्य वाचणार, नट ते झेलून खणखणीत सोडणार. बाबांचे प्रॉम्प्टर म्हणजे माझे काका. शूटिंगलाही बाबा त्यांना सोबत घेऊनच आले.

मी ‘अ‍ॅक्शन’ म्हटलं की काका दाराआडून वाक्य वाचत आणि बाबा तेच शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं गर्जत. भरवसा कसला, धमकीच वाटायची. गोंदियाच्या साउंडवाल्याने हेडफोन काढला.

“भैया, एक डायलॉग दो बार आ रहा है.”

मी काकांपुढे हात जोडले. “काका, यावेळी नुसते ओठ हलवा.”

“मंग थो बोलंल कसा?” काका फुगले, पण गप्प बसले.

पुढच्या टेकला मी बॅग उचलून बाबांसमोर उभा राहिलो. त्यांचे डोळे माझ्यावर आणि कान दाराकडे. तिकडून काकांचा आवाज काही येईना. बाबांचे ओठ नुसते हलले, हात धोतराशी चाळा करू लागला. भल्याभल्यांना स्टेजवर घाम फोडणाऱ्या या माणसाला काय बोलावं ते कळत नव्हतं. मला ‘कट’ म्हणायचंही सुचेना.

शेवटी बाबा हळूच म्हणाले, “भात खाल्ला का?”

मी नाही अशी मान हलवली.

“मंग खाऊन जाजो.”

मी कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडलो. सिनेमात ते तसंच ठेवलं आहे. लोक माझ्या अभिनयाचं कौतुक करतात आणि मी ते निमूटपणे घेतो.

पुढे गावात शाळेच्या मैदानावर पडदा लावून सिनेमा दाखवला. त्या प्रसंगाला सगळं मैदान चिडीचूप झालं. बाबा मात्र खुर्चीतून उठले.

“माहा डायलॉग कापला काऊन? पाठ होता ना मले!”

आणि माझ्याकडे वळून, अगदी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी तो अख्खा म्हणून दाखवला. काका शेजारीच बसले होते. त्यांनी ओठसुद्धा हलवले नाहीत.