पोटाला शिवण असलेला वाघ

त्या काळी आमच्या गावात सिनेमाबद्दल मत असलेला माणूस एकच होता, तो म्हणजे मी. शाळामास्तर असल्याने महिन्यातून एकदा कचेरीच्या कामाला चांद्याला जावे लागे. काम उरकले की मी टॉकीजमध्ये दुपारचा खेळ पाहायचो. परतल्यावर संध्याकाळी गाव पारावर जमे. मी सिनेमा सांगायचा आणि गावाने ठरवायचे, बैलबंड्या जुंपायच्या की नाही. चार कोस जंगलातून बैल हाकायचे, तर सिनेमा तेवढा चांगला हवा, असा रिवाजच पडला होता.

आणि मी तर एकाही सिनेमाला पास करत नव्हतो. पौराणिकात राक्षसाची मिशी सुटलेली, लढाईच्या सिनेमात तलवारी पत्र्यासारख्या वाजणाऱ्या, भुताच्या सिनेमात भूत कोण ते मध्यंतराच्या आधीच कळलेले. "काही दम नाही," मी म्हणायचो. लोक हसत, धोतर झटकून उठत. मला फार बरे वाटे. पाराच्या मागे बायकांच्या घोळक्यात माझी बायको उभी असे. लग्नाला चार वर्षे झाली होती आणि तिने एकही सिनेमा पाहिला नव्हता. हे माझ्या लक्षातसुद्धा आले नव्हते, इतका मी शहाणा.

त्या हिवाळ्यात, धान घरात आल्यावर, मी एक जंगलपट पाहून आलो. अगदी टुकार. जंगल म्हणून कुंड्यांतली केळी, आणि नायक ज्या वाघाशी कुस्ती खेळतो त्याच्या पोटाची शिवण शेवटच्या बाकावरून दिसत होती. पाराकडे निघालो, तेव्हा बायको भाकरी थापत होती. वर न पाहता म्हणाली, "याबी खेपेले नाईच म्हणसान ना?"

मी पारावर गेलो आणि छातीठोकपणे सांगितले, "पाहण्यासारखा आहे. जा सगळे."

त्याच आठवड्यात चांद्याच्या वाटेवर, नाल्याजवळ, जनावराने दोन गाई मारल्या. चारजण घरी विचारायला आले, "गुरुजी, खरंच तेवढा चांगला हाय का?" नाही म्हटले असते तर विषय तिथेच मिटला असता. पण आत चुलीपाशी भांड्यांचा आवाज थांबला होता. मी म्हणालो, "हो."

तीन बंड्या निघाल्या. आमची बंडी एक म्हातारे गोंड भाऊ हाकत होते. टॉकीजमध्ये तेही आमच्या शेजारी बसले. पडद्यावरच्या नायकाने वाघाला नावानिशी ललकारले, तशी त्यांनी कानांवर हात ठेवले आणि बाहेर जाऊन ते बैलांपाशी बसले. आमच्याकडे जंगलात त्याचे नाव कुणी घेत नाही, 'मोठा' म्हणतात. नाव घेणे म्हणजे त्याला बोलावणे. बायको मात्र पडद्यावरून नजर हलवत नव्हती. तिला आवडतोय की नाही, काही केल्या कळेना.

परतताना ऊन सागवानाच्या शेंड्यांवर गेले होते. मागच्या बंड्यांतून कुस्तीचे कौतुक चालले होते. ते ऐकून माझे डोके फिरले. इतका भिकार सिनेमा, आणि माझ्या शब्दावर लोकांनी तो चांगला मानावा! मी मागे वळून ओरडलो, "कसली कुस्ती घेऊन बसलात! त्या वाघाच्या पोटाला शिवण होती शिवण!"

मागचे कौतुक बंद झाले. आपण काय बोललो ते मला तेव्हा कळले. भाऊंनी माझ्याकडे पाहिलेही नाही. पुढे नाल्याचा उतार होता. उतारावर पाय टाकायच्या आधी बैल थांबले, आणि नाकातून जोराने फुंकू लागले.

तो वाटेतच बसला होता. चाकोऱ्यांच्या मधोमध, पंधरा पावलांवर. मी शपथेवर सांगतो, मला त्याचे पट्टे नीट आठवत नाहीत. तो आमच्याकडे पाहत होता, तेवढेच आठवते. मागे एक लेकरू रडायला लागले आणि कुणीतरी त्याचे तोंड दाबले. माझ्या खोट्या मतावर तीन बंड्या माणसे इथवर आली होती. बायकोने माझा दंड धरला होता, तिची नखे रुतत होती.

भाऊ खाली उतरले. काठी बंडीतच ठेवली. बैलांच्या पुढे उभे राहून, शेजाऱ्याशी बोलावे तसे हळू म्हणाले, "गुरुजी बोलून गेले, चुकले. आमी घरी जाऊन राह्यलो. तू बी जा."

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग तो उठला, आळस दिला आणि नाल्याकाठच्या बांबूत गेला. भाऊंनी बैलांना चुचकारले. अंधार पडता पडता बंड्या गावात शिरल्या.

अंगणात पाय धुताना बायको म्हणाली, "शिवण तुमाले पयल्याच खेपेले दिसली होती ना?"

"हो."

"मंग चांगला हाय म्हणून काऊन सांगतलं?"

"तुला पाहता यावा म्हणून."

मला वाटले, ती विरघळेल. तिने तांब्या खाली ठेवला.

"बेकारच होता. शिवण मले बी दिसली," ती म्हणाली. "पण चार वर्सं तुमी सिनेमे पाह्यले अन् मी तुमचं तोंड पाह्यलं. बेकार हाय, हे मले माह्या डोयानं पाहून म्हणाचं होतं."