दुसरी सही

आमच्या छापखान्यात गणिताच्या पुस्तकांची उत्तरं तपासायला एक बाई येतात, तीस वर्षं झाली. मी अक्षरजुळणी करतो. आठवीत माझी दांडी गुल झाली ती गणितातच, त्यामुळे बाईंशी सुरुवातीला अजिबात जमलं नाही. जुळवताना उत्तरातलं काही गाळलं की येता-जाता टोकायच्या, "अरे, कंस गुणून बघ की!"

प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या पानावर दोन चौकटी असतात. पहिलीत बाईंची सही, म्हणजे सामाईक अवयव बाहेर काढून त्यांनी गणितं सोडवली. दुसरीत त्यांच्या यजमानांची, म्हणजे कंस परत गुणून मूळ राशी येते का ते त्यांनी पाहिलं. दोघं घरी टेबलाशी समोरासमोर बसायचे. चूक सापडली की यजमान टेबलावर टिचकी मारायचे. मागच्या वर्षी ते गेले.

मग दुसरी चौकट रिकामी यायला लागली. मालक म्हणाला, "दोन सह्या नसतील तर काम दुसरीकडे देतो." तोंडावर म्हणाला, मेला! पुढच्या गठ्ठ्यावर दोन्ही सह्या होत्या.

मी काय समजायचं ते समजलो आणि गप्प बसलो. पण मंगळवारी पान लावताना नजर अडकली. ८x² + ४x चं उत्तर ४x(२x). अहो, ४x मधून ४x बाहेर काढला तरी कंसात १ उरतो! याच चुकीसाठी मी बाईंची किती बोलणी खाल्लीत! लाल पेनानं '+ १' लिहून टाकला.

दुपारी बाईंनी ते पान उचललं आणि थांबल्या.

"हा अधिक एक माझा नाही."

"तुमचाच आहे."

"थापा मारू नकोस." त्या मटकन बसल्या. "गुणून बघायला घरी कुणी नाही रे आता. उत्तर काढते आणि समोरच्या खुर्चीकडे बघत बसते. दुसरी सही खोटी आहे. मालकाला सांगून टाकते. काम गेलं तर गेलं."

या कामाशिवाय त्यांना दिवसभरात बोलायला माणूस नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

माझं डोकंच सरकलं. "काम कशाला जाईल? मालकाला दोन सह्या हव्यात, कुणाच्या ते त्यानं कुठे सांगितलंय?" मी खोटी सही खोडली आणि शेजारी माझी करायला गेलो. बाईंनी हात धरला.

"सगळी गुणून बघितलीस?"

"एकच."

"मग आधी सगळी. सही नंतर."

दोनशे चाळीस गणितं! कुठून दुर्बुद्धी सुचली, असं झालं. बसलो गुणत. बाई खुर्ची ओढून समोर बसल्या. एकशे बाराव्यापाशी सहा वाजले, बाकीचे कामगार डबे घेऊन निघाले. मी भराभर उरकायला लागलो, तशी त्यांनी टेबलावर टिचकी मारली.

"हळू कर," त्या म्हणाल्या. "मला घरी जायची घाई नाही."